एल्डन रिंग: मार्गिटला भिडण्याआधी दक्षिणेला जा

फ्रॉमसॉफ्टवेअरचा एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम फेब्रुवारी 2022 मध्ये आला, आणि तेव्हापासून नवख्यांना दोनच सल्ले मिळतायत. एक, ‘मरत राहा, जमेल’. दोन, ‘अमुक जागी उभा राहून झटपट लेव्हल वाढव’. पहिला ऐकणारा आठवड्याभरात कंटाळून गेम सोडतो. दुसरा ऐकणारा लिमग्रेव्हसारखा सुरुवातीचाच देखणा मुलूख न बघताच पुढे निघून जातो. या गेममध्ये सोपं-अवघड निवडायची सोय नाही. ते काम नकाशा करतो: एका जागी अडलात की दुसरीकडे जायचं आणि बळ वाढवून परत यायचं.

पात्र व्हॅगाबॉन्ड (ढाल-तलवारवाला योद्धा) घ्या, सुरुवातीची भेट म्हणून गोल्डन सीड; त्याने फ्लास्कचा, म्हणजे आयुष्य भरणाऱ्या बाटलीचा, एक घोट वाढतो. बाहेर पडताच समोर घोड्यावर गस्त घालणारा सोनेरी ट्री सेंटिनेल दिसेल, त्याला लांबून वळसा घाला. चर्च ऑफ एलेमध्ये कॅले या व्यापाऱ्याकडून 300 रूनचं क्राफ्टिंग किट (वस्तू बनवायचा संच) घ्या; रून म्हणजे शत्रू मारून मिळणारं चलन, लेव्हलही त्यातूनच वाढते. गेटफ्रंटला नकाशाचा तुकडा उचला आणि तिथल्या तळघरातून व्हेटस्टोन नाइफ (हत्याराला खास वार जोडायची सुरी) घ्या. वाटेत भेटणाऱ्या मेलिना नावाच्या मुलीने टॉरेंट घोडा दिला की चर्च ऑफ एलेला परत या. रेना भेटेल, तिच्याकडून घंटा आणि लांडग्यांची राख मिळते; त्यांनी लढाईत लांडगे मदतीला बोलवता येतात.

आता खरी गोष्ट. विसाव्याच्या जागेवरून (जिथे थांबून लेव्हल वाढवता येते) निघणारी सोनेरी रेघ तुम्हाला थेट स्टॉर्मव्हेल किल्ल्याकडे नेते. ती कथेची दिशा दाखवते, तुमची तयारी झालीय का हे तिला माहीत नसतं. तिच्यामागे गेलात की दारातच मार्गिट हा पहिला मोठा शत्रू उभा असतो आणि दोन फटक्यांत खेळ आटोपतो. म्हणून आधी ब्रिज ऑफ सॅक्रिफाइस ओलांडून दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात जा. तिथल्या तीन चर्चमध्ये एकेक सेक्रेड टियर आहे, चौथा लिमग्रेव्हच्या थर्ड चर्च ऑफ मारिकात. प्रत्येकाने फ्लास्कचा घोट जास्त आयुष्य भरून देतो. टोकाचा कॅसल मॉर्न नीट हिंडा. मिळालेले रून आधी व्हिगरमध्ये (आयुष्य वाढवणारा गुण) घाला, निदान 20 होईपर्यंत. ‘नुकसान वाढव, व्हिगर नंतर’ म्हणणारे लोक हा गेम पाठ झालेले असतात, तुम्ही नाही. तलवार चर्च ऑफ एलेच्या ठोकळ्यावर +3 करा आणि अंगावरचं वजन 70 टक्क्यांच्या खाली ठेवा, नाहीतर रोल, म्हणजे वार चुकवायची कोलांटी, जड होतो.

मग मार्गिट. याने मला फार छळलं, म्हणून सविस्तर सांगतो. तो काठी वर उचलतो आणि थांबतो. तुमचं बोट त्याच क्षणी रोलच्या बटणावर जातं, तुम्ही उठता आणि नेमकी तेव्हा काठी खाली येते. चेंडू हातातून सुटायच्या आधीच बॅट फिरवण्यातला हा प्रकार आहे. काठी वर गेली हे बघून रोल करू नका, हात खाली यायला लागला की करा. पहिले काही डाव हल्ला करूच नका. नुसते चुकवा आणि त्याच्या हाताकडे बघत राहा.

रोल मागे करू नका. मागे गेलात की तो लांब उडी मारून किंवा प्रकाशाचा खंजीर फेकून गाठतोच. त्याच्या अंगाला घासून, बाजूने आत शिरा. फ्लास्कचंही तेच: समोर उभं राहून प्यायलात की खंजीर आलाच. त्याचा लांबलचक वार संपला की मगच प्या. व्हॅगाबॉन्डची ढाल साधे शारीरिक वार पूर्ण झेलते, तेव्हा काठीचा फटका झेलून लगेच जोरदार वार करा. हा गार्ड काउंटर त्याचा तोल मोडतो. पण प्रकाशाचे वार ढालीतून थोडे आत येतात, ते चुकवाच. निम्म्याच्या आसपास आयुष्य उरलं की तो प्रकाशाचा हातोडा काढतो; तेव्हा हावरटपणा नको, एक वार करून बाजूला व्हा.

लांडगे बोलवा, दाराबाहेरच्या सोनेरी खुणेवरून रॉजियर या जादूगार साथीदारालाही बोलवा. याला फसवणूक म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. ही हत्यारं गेमनेच दिलीत. मर्कवॉटर गुहेत तुमच्यावर हल्ला करणाऱ्या पॅचेसला जिवंत सोडलंत तर तो 5000 रूनला मार्गिटची बेडी विकतो. पहिल्या टप्प्यात ती त्याला दोनदा जमिनीशी जखडते.

आत गेल्यावर दरवाजाचा राखणदार गॉस्टॉक भेटेल. त्याला मुख्य दरवाजा उघडायला सांगू नका, पलीकडे मोठाले बाण सोडणारी यंत्रं रोखलेली आहेत. तो सुचवतो त्या बाजूच्या भगदाडातून जा. अर्धा किल्ला त्याच वाटेवर बघायला मिळतो.