मोठ्या फार्मवरच्या मजुरांची कमाई मोजायचीये? मग हे आधी वाचा

कमर्शियल फार्मवरच्या मजुरीवर डिझर्टेशन करणारी मुलं बऱ्याचदा प्रश्नावली दाखवायला आणतात आणि पहिला प्रश्न हमखास हाच असतो, रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, किती मिळतो? तो आकडा तर मॅनेजरपण चहा पिता पिता सांगतो हो. खरा घोळ दिवसांचा आहे. हंगामात आठवडाभर सुट्टी नाही आणि नंतर महिना-दोन महिने कामच नाही, त्यामुळे रोज गुणिले 26 करून महिन्याची कमाई काढलीत तर तो पगार फक्त तुमच्या एक्सेल शीटमध्येच राहील.

त्यात उक्तं काम असेल तर अजून मजा. दिवसाचं टार्गेट पुरं झालं नाही की मस्टरवर अर्धी हजेरी लागते, आणि पुरं व्हावं म्हणून बाई दुपारून मुलीला मदतीला आणते, मस्टरवर नाव एकीचं आणि राबल्या दोघी. म्हणून काम किती वाजता संपलं, सोबत कोण होतं, हे विचाराच.

कपातीचं पण तसंच, खोलीभाडं, किराणा, उचल... आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, 1949 च्या वेतन संरक्षण कराराप्रमाणे (क्रमांक 95) मजुरीचा काही भागच वस्तूरूपात देता येतो आणि त्या वस्तूंची किंमत वाजवी लावावी लागते, आता वाजवी म्हणजे किती हे स्लिपवर थोडीच लिहिलेलं असतं, त्यामुळे त्याच वस्तूचा बाहेरचा भाव तुम्हीच काढा.

आता सॅम्पल. ऑफिसमधून मिळणारी यादी परमनंट लोकांची असते, मुकादमाने आणलेले लोक त्यात नसतातच, आणि सगळ्यात कमी कमाई बहुतेक वेळा त्यांचीच. लंडनच्या सोआस विद्यापीठातल्या टीमने इथिओपिया आणि युगांडात फेअरट्रेडवर (उत्पादकाला वाजवी भाव आणि मजुराला बऱ्या अटी मिळतात असं सांगणारं सर्टिफिकेट) जो अभ्यास केला (रिपोर्ट 2014 चा) त्यात सर्टिफिकेटवाल्या छोट्या उत्पादकांकडच्या मजुरांचीही नीट चौकशी झाली, आणि तिथली मजुरी बऱ्याचदा बिगर-सर्टिफिकेटवाल्या ठिकाणांपेक्षा कमी निघाली. लेबल बघून निष्कर्ष काढणाऱ्यांनी हा रिपोर्ट जरूर वाचावा.

अजून एक, नोकरी म्हणजे कमाई वाढणारच असं धरून चालू नका. इथिओपियातच पाच कंपन्यांमध्ये, त्यात फुलांचं फार्मपण होतं, अर्जदारांना लॉटरीने नोकऱ्या दिल्या, पेपर 2018 चा, तर बहुतेक जण वर्षभरात सोडून गेले आणि नोकरी न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांच्या कमाईत म्हणावा तसा फरक पडलाच नाही. म्हणून सोडून गेलेल्यांनाही शोधा, नुसत्या टिकलेल्यांशी बोललात तर सगळं छानच दिसेल.

मुलाखती पगार झाल्यावर दोन-तीन दिवसांतच उरका, स्लिप तोवर खिशात असते आणि कपात कशाची झाली हे माणूस आपणहून सांगतो. आणि वस्तीवर जाताना फार्मची गाडी अजिबात घेऊ नका, त्या गाडीतून उतरलेल्या माणसाला सगळे एकच उत्तर देतात, सगळं वेळेवर मिळतं साहेब.