हृदयाची झडप अरुंद आणि पोटात बाळ: बलूनच्या आधीची तयारी

सगळ्यात आधी उशा मोजा. परवापर्यंत एका उशीवर झोप लागत होती आणि आता तीन लागतायत, किंवा मध्यरात्री धाप लागून उठून बसावं लागतंय, तर ‘दिवस गेल्यावर दम लागतोच’ म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांना गाठा. खोकल्यातून गुलाबी फेस आला तर थेट हॉस्पिटल.

मायट्रल झडप म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप. निरोगी असताना तिचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं. दीड किंवा त्याहून कमी झालं की आजार तीव्र धरतात. गरोदरपणात रक्त जवळपास ४० ते ५० टक्के वाढतं, ठोकेही वाढतात. चिंचोळ्या वाटेतून पुढे सरकायला रक्ताला वेळच मिळत नाही, ते मागे फुप्फुसांत तुंबतं. म्हणून ठोके आवरणारी मेटोप्रोलॉल आणि लघवीची गोळी बरं वाटलं तरी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. पोटुशीला इतक्या गोळ्या कशाला, असं घरात कुणीतरी म्हणेलच. आईचा श्वास कोंडला तर बाळाचाही प्राणवायू कमी पडतो, हे त्यांना शांतपणे सांगा.

गोळ्यांनी भागत नसेल तर बलून, म्हणजे नळीतून फुगा नेऊन अरुंद झडप उघडणं, शक्यतो २० आठवडे उलटल्यावर. फाइलमध्ये ताजा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), बाळाची सोनोग्राफी, हिमोग्लोबिन आणि रक्तगट वर ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारायची वाट न बघता आधीच सांगा. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी नाही ना, हे बघायला घशातून इको करावा लागू शकतो. गुठळी असेल तर बलून लगेच करता येत नाही.

टेबलावर काय होणार हे आधी कळलं की भीती निम्मी होते. सहसा जांघेपुरतीच भूल देतात, तुम्ही जाग्या असता. शिरेतून नळी हृदयात जाते, बलून काही सेकंदच फुगतो आणि चिकटलेले पडदे सुटतात. पोटावर शिशाचं आवरण घालतात ना, हे विचारून घ्या. उताणं झोपून गरगरलं तर लगेच बोला; उजव्या कुशीखाली उशी सरकवून डावीकडे कलतं केलं की गर्भाशयाचा मोठ्या शिरेवरचा दाब हटतो.

बाळंतपण कुठे करायचं ते आत्ताच ठरवा: हृदयरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग एकाच छताखाली हवेत. नॉर्मल प्रसूती बऱ्याचदा होते. कण्हण्याकुंथण्याचा ताण नको म्हणून शेवटी चिमटा किंवा व्हॅक्यूम लावतात, त्याला घाबरू नका.

बाळ रडलं की घरचे निर्धास्त होतात, आणि मला काळजी वाटते ती तेव्हाच. आवळलेल्या गर्भाशयातलं रक्त एकदम हृदयाकडे परततं. पहिले २ ते ३ दिवस फुप्फुसांत पाणी भरण्याचा धोका राहतो. घरी सोडा म्हणून घाई करू नका. बाळाजवळ एक माणूस आणि आईजवळ दुसरं, असं आधीच ठरवा. संधिवाताच्या तापामुळे झडप बिघडली असेल, तर निघताना पुढच्या पेनिसिलिन इंजेक्शनची तारीख कार्डावर लिहून घ्या.