कॉलेजची आइस हॉकी टीम हरायला लागली की या चुका टाळा

दर वर्षी नोव्हेंबर संपता संपता हेच होतं. टीम शुक्रवारी हरते, शनिवारी पुन्हा त्याच प्रतिस्पर्ध्याकडून हरते आणि रविवारी जेवताना सगळ्यांचं निदान तयार असतं: गोली, म्हणजे गोलरक्षक, बदला. मी अमेरिकेत मिशिगनमध्ये वीसएक वर्षं कॉलेज हॉकी बघतो आहे. पुण्या-नाशिकहून शिकायला आलेली मुलं पहिल्याच हिवाळ्यात रिंकवर येतात, या खेळाच्या प्रेमात पडतात, याचा मला मनापासून आनंद होतो. पण चौथ्या पराभवानंतर तीच मुलं प्रशिक्षकाला घरी पाठवायला निघतात, तेव्हा त्यांना जवळ बसवून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

गोलीच्या टक्केवारीवरून निकाल लावणं

ही सगळ्यात जुनी चूक, आणि माझा सगळ्यात जास्त राग हिच्यावर आहे.

कॉलेज हॉकीत चांगला गोली शंभरातले साधारण ९१ शॉट अडवतो. आता हिशेब करा. दोन आठवड्यांत चार सामने झाले, दर सामन्यात २८ शॉट आले, म्हणजे एकूण ११२. त्यात १० गोल खाल्ले तर टक्केवारी ९१.१. तेच १३ खाल्ले तर ८८.४. कागदावर पहिला मुलगा भरवशाचा वाटतो आणि दुसरा बेंचवर बसवण्याजोगा. दोघांतला फरक फक्त तीन गोलांचा. त्यातला एक आपल्याच डिफेन्समनच्या स्केटला लागून आत गेलेला असतो, एक समोर तिघं उभे असल्यामुळे दिसलेलाच नसतो, एक आपले दोघे पेनल्टीत बाहेर बसल्याने पाच विरुद्ध तीन खेळताना झालेला असतो. चार सामन्यांत एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. क्रिकेटमध्ये चार डावांवरून आपण फलंदाजाची सरासरी काढत नाही. मग इथेच घाई कशासाठी?

ही चूक मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका टीमचा अख्खा सीझन मी रिंकवर जाऊन पाहिला. टीमचं नाव सांगत नाही. जानेवारीत ती ओळीने सामने हरायला लागली. मी वहीत गोलीच्या नावापुढे फुली मारली आणि चार घरच्या मंडळींसमोर ते ठासून सांगितलंही. माझी मुलगी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि स्वतः डिफेन्समध्ये खेळायची. तिने एवढंच विचारलं, "बाबा, तुम्ही ते गोल परत बघितलेत का?"

नव्हते बघितले. त्या रविवारी आम्ही दोघांनी रेकॉर्डिंग लावलं आणि फक्त खाल्लेले गोल पाहिले, प्रत्येक गोलच्या आधीच्या मिनिटापासून. पाचव्या-सहाव्या गोलपाशी ती म्हणाली, "सगळे दुसऱ्या पिरियडचेच आहेत." सगळे नव्हते, पण बहुतेक होते.

सामन्याचे तीन पिरियड, म्हणजे भाग, असतात. दुसऱ्या पिरियडमध्ये टीम बाजू बदलतात आणि आपला बेंच आपल्या गोलपासून लांब पडतो. पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडमध्ये दमलेला डिफेन्समन चार ढांगांत बेंच गाठतो. दुसऱ्यात त्याला मधली लाल रेषा ओलांडून जावं लागतं. याला लाँग चेंज म्हणतात. एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, साधारण ४५ सेकंदांची. आपल्या निळ्या रेषेबाहेर, म्हणजे बचावाच्या भागाबाहेर, पक (खेळायची रबरी चकती) काढता आला नाही, तर तेच पाच जण सव्वा-दीड मिनिट आत अडकून पडतात. पाय शिशासारखे होतात, काठी जागच्या जागी राहते आणि समोरचा ताजा दम घेऊन आलेला असतो. ही टीम काचेवर आपटून पक बाहेर टाकण्याऐवजी मधूनच नाजूक पास द्यायला जायची आणि तो पास निळ्या रेषेवर कापला जायचा. गोली पहिला शॉट अडवायचा, रिबाउंड, म्हणजे उसळून परत आलेला, अडवायचा, तिसरा आत जायचा. ज्याच्या नावापुढे मी फुली मारली होती, तो मुलगा बर्फावरच्या सहा जणांत एकटाच आपलं काम नीट करत होता. पुढच्या भेटीत त्याच मंडळींसमोर मी माझे शब्द मागे घेतले.

तेव्हापासून एक सवय ठेवली आहे. खाल्लेल्या प्रत्येक गोलमागे वहीत चार गोष्टी लिहितो: पिरियड कोणता, पक कुठे गमावला, बर्फावरचे पाच जण किती वेळ अडकले होते आणि कोणी पेनल्टीत बसलं होतं का. दहा सामन्यांत दुखणं आपोआप दिसायला लागतं. "काका, एक आकडा सांगा ना ज्यावरून लगेच कळेल," असं मुलं म्हणतात. असा आकडा नाही. पीडीओ मी बघतो, म्हणजे टीमचे किती टक्के शॉट गोल झाले आणि आपण किती टक्के अडवले यांची बेरीज. सगळ्या टीमचे शॉट एकत्र धरले तर ती १०० येते. दहा सामन्यांनंतर एखादी टीम ९६ वर असेल, तर तिच्या वाट्याला कमनशीबही बरंच आलंय आणि पुढे ती सावरण्याची शक्यता आहे, एवढंच तो आकडा सांगतो. पक कुठे गमावला हे तो सांगत नाही. ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

कोण खेळत नव्हतं, हे न बघता सीझन मोडीत काढणं

मिशिगन विद्यापीठाच्या गावातल्या, अॅन आर्बरच्या लोकांना २०१२-१३ चा सीझन अजून सलतो. मिशिगन विद्यापीठाची टीम १९९१ पासून सलग २२ वर्षं राष्ट्रीय स्पर्धेत होती. त्या वर्षी ती साखळी तुटली. शेवटचा हिशेब १८ विजय, १९ पराभव, ३ बरोबरी. "प्रशिक्षक रेड बेरेन्सन आता थकले" असं किती जणांनी म्हटलं! पण बचावाचा कणा असलेला जॉन मेरिल दुखापतीमुळे सीझनच्या सुरुवातीचे महिने बाहेर होता. पहिल्या वर्षाचा जेकब ट्रुबा वर्ल्ड ज्युनिअर या जागतिक स्पर्धेसाठी रशियात ऊफाला गेला होता. ही स्पर्धा साधारणपणे नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि कॉलेज टीमचे वीस वर्षांखालचे उत्तम खेळाडू घेऊन जाते. डिसेंबरअखेरचे निकाल वाचताना मी आधी ती यादी बघतो. सीझनच्या शेवटी गोलमध्ये स्टीव्ह रसीन स्थिरावला आणि हीच टीम थेट सीसीएचए या आपल्या लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचली. तिथे नोत्र दामकडून ३-१ ने हरली. डिसेंबरात जिला मोडीत काढलं होतं, तिची राष्ट्रीय स्पर्धा मार्चमध्ये एका सामन्याने हुकली.

त्या निकालाचा फायदा झाला येल विद्यापीठाला. मिशिगन जिंकलं असतं तर राष्ट्रीय स्पर्धेतली येलची जागा गेली असती. येलला क्विनिपिअॅक विद्यापीठाने त्या सीझनमध्ये तीनदा हरवलं होतं. स्पर्धेत कसंबसं शिरलेल्या येलने मिनेसोटाला ओव्हरटाइमच्या नवव्या सेकंदाला हरवलं, नॉर्थ डकोटाला हरवलं, मासाचुसेट्स-लोवेलला पुन्हा ओव्हरटाइममध्ये हरवलं आणि १३ एप्रिल २०१३ ला पिट्सबर्गमध्ये त्याच क्विनिपिअॅकला ४-० ने हरवून आपलं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. मार्चमध्ये येलच्या सीझनवर "फसला" असा शिक्का मारून मोकळे झालेले लोक मला भेटले आहेत.

बाकीच्या चुका

गोलफरक मोजताना रिकाम्या जाळीतले गोल, म्हणजे मागे पडलेल्या टीमने शेवटी गोली काढून जास्तीचा खेळाडू उतरवल्यावर खाल्लेले, धरू नका. ४-२ चा पराभव बऱ्याचदा ३-२ चा असतो.

"शॉट आपले जास्त होते, तरी हरलो" हे तिसऱ्या पिरियडकडे बघून बोलू नका. मागे पडलेली टीम कुठूनही शॉट मारते आणि पुढे असलेली तिला लांबून मारू देते. बरोबरीत असतानाचे शॉट मोजा.

नियमित सीझनच्या ओव्हरटाइममध्ये तीन विरुद्ध तीन खेळतात. तो जवळजवळ वेगळाच खेळ आहे. तिथल्या पराभवावरून पाच विरुद्ध पाचचं निदान करू नका.

गेल्या वर्षीच्या टीमशी तुलना जपून करा. ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या मेजर ज्युनिअर लीगमधल्या खेळाडूंना अमेरिकी कॉलेजमध्ये खेळता येतं. त्यात ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे एका कॉलेजातून दुसऱ्यात जायची सोय, आहेच. जर्सी तीच राहते, आतली अर्धी मुलं बदललेली असतात.

आणि "पोरांत जिद्दच नाही" हे वाक्य माझ्यासमोर कृपया म्हणू नका. मिशिगन टेकचं होटन हे गाव पार वर, लेक सुपीरिअरच्या बाजूला आहे. अॅन आर्बरपासून बसने नऊ तासांहून जास्त. ही एकोणीस-वीस वर्षांची मुलं गुरुवारी बसमध्ये मांडीवर पुस्तक ठेवून अभ्यास करतात, शुक्रवारी आणि शनिवारी रात्री खेळतात, हरलेल्या अंगाने रविवारी पहाटे परत येतात आणि सोमवारी सकाळी वर्गात बसतात.