नवीन टीम लीड झालात? या चुका टाळा

आपल्याकडे जो काम चांगलं करतो त्यालाच लीड करतात आणि पुढे काय करायचं ते कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दिलेलं काम परत स्वतःकडे ओढून घेणं. मी हे कित्येक महिने केलं. टीममधल्या एका नवीन मुलीकडे क्लायंटचा महिन्याचा रिपोर्ट दिला होता, तिने पाठवला की मी रात्री अकराला बसून एक्सेलमधले फॉर्म्युले नीट करायचो आणि सकाळी तिला काही न सांगता पुढे पाठवून द्यायचो, वाटायचं आपण तिला सांभाळून घेतोय. चौथ्या महिन्यात तिने टोटल तपासणंच सोडलं. विचारलं तर म्हणाली, "सर, शेवटी तुम्ही बदलताच ना." बरोबरच होतं तिचं. मग मी फाइलला हात लावणं बंद केलं, चुकलेल्या सेलवर फक्त कॉमेंट टाकायचो, दुरुस्त तिनेच करायचं. सुरुवातीला वेळ जास्त जातो, तो जाऊ द्या.

दुसरी चूक, अडचण सांगायला आलेल्यावर चिडणं. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरच्या कामगाराला काही खटकलं की तो दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, दिवा लागतो, टीम लीडर लगेच त्याच्याजवळ जातो, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत सुटलं नाही तर लाइनच थांबते. टोयोटाची ही कामाची पद्धत घडवणारे इंजिनिअर ताइची ओनो अडचणीच्या मुळाशी जायला 5 वेळा 'का' विचारायला सांगायचे. आम्ही करून बघितलं. टोटल का चुकली? जुना डेटा घेतला. का? नवीन फाइल तिला मिळालीच नाही. का? क्लायंटकडचा माणूस बदलला होता आणि त्याचे मेल फक्त मला येत होते! तिसऱ्या 'का'लाच गाडी माझ्या टेबलापाशी आली.

टीममधल्या प्रत्येकाचा दिवस काठोकाठ भरून ठेवू नका, एक जण आजारी पडला की सगळं कोलमडतं. मुंबईचे डबेवाले गटात जादा माणसं ठेवतात ती यासाठीच.

आणि टीम मीटिंगमध्ये गप्प बसत असेल तर सगळ्यांसमोर "कोणाला काही प्रॉब्लेम?" विचारून उपयोग नाही, कोण बोलणार? एकेकाला चहाला न्या, "या आठवड्यात कुठे अडकलास?" एवढंच विचारा आणि तो बोलत असताना मोबाइल खिशात ठेवा.