खोडव्यातील पाचट न जाळता हरितगृह वायूंचे उत्सर्जन कसे कमी करावे

ऊस तुटून गेला की फडात हेक्टरी साधारण 8 ते 10 टन पाचट (उसाची वाळलेली पाने) उरते आणि अनेक शेतकरी काडी लावून रान मोकळे करतात. पाचट कुजतानाही कार्बन डायऑक्साइड निघतोच, हा त्यांचा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. कारण जळताना त्याच्या जोडीला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही निघतात, शिवाय कुजून जमिनीत काही अंशी टिकला असता तो सेंद्रिय कर्बही हातचा जातो.

तोडणी होताच बुडख्यांवरचे पाचट ओढून सरीत दाबून बसवावे, म्हणजे खोडव्याचे, अर्थात त्याच बुडख्यांतून येणाऱ्या पुढच्या पिकाचे, नवे फुटवे मोकळे राहतात. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत; वरच्या डोळ्यांतून फुटलेले कोंब कमकुवत निघतात. नंतर पाचटाच्या प्रत्येक टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू शेणखतात मिसळून पसरावेत व पाणी द्यावे. शेजारच्या फडात कोणी काडी लावली तर आग आपल्या वाळक्या पाचटापर्यंत यायला वेळ लागत नाही, म्हणून बांधालगतचा पट्टा मोकळाच ठेवावा.

खरी बचत खतात आहे. युरियापासून जमिनीत तयार होणारा नायट्रस ऑक्साइड शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट उष्णता वाढवतो, त्यामुळे पाचटावर युरिया फेकत सुटलो तर पाचट राखल्याचा बराचसा फायदा तिथेच संपेल. माती परीक्षण करून मात्रा ठरवावी आणि वाफसा आल्यावर (जमीन ना चिखल ना कोरडी, अशी बेताची ओल असताना) पहारीने बुडख्यापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर, 15 ते 20 सेंटिमीटर खोल छिद्र घेऊन खत द्यावे व छिद्र मातीने बुजवावे. पहिली मात्रा तोडणीनंतर 15 दिवसांच्या आत आणि दुसरी सुमारे 135 दिवसांनी द्यावी. मजुरी लागते खरी, पण खत पिकाच्या मुळाशीच पडते.

पाचटाखाली ओल टिकत असल्याने पाण्याच्या पाळ्या लांबवता येतात आणि तेवढी पंपाची वीज वाचते. माती उकरून ओल पाहिल्याशिवाय मात्र पाळी लांबवू नये. निचरा नसलेल्या भारी रानात पाणी साचू देऊ नये, कारण हवा न मिळालेले पाचट मिथेन सोडते. पाचट राखलेल्या खोडव्यात आंतरमशागत व बांधणीची (उसाच्या बुडाशी मातीची भर देण्याची) फारशी गरज पडत नाही, त्यामुळे ट्रॅक्टरचे डिझेलही वाचते.