हेडलाइट फडफडतात? बल्ब घेण्याआधी अर्थिंग मोजा

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. ऊसतोड नुकतीच सुरू झाली होती. रात्री साडेनऊच्या सुमारास आईला घेऊन केजहून अंबाजोगाईला दवाखान्यात निघालो होतो. खराब रस्ता लागला आणि आमच्या जुन्या गाडीचे दोन्ही हेडलाइट फडफडायला लागले. पुढं रस्त्यातच उसाची ट्रॉली उभी होती. मागं ना रिफ्लेक्टर, ना लाल कपडा. दिवे क्षणभर मंदावले आणि ट्रॉली दिसली तेव्हा ती अगदी तोंडावर आलेली. गाडी थांबली, पण आईचा हात कितीतरी वेळ माझ्या खांद्यावरून निघाला नाही.

त्याआधी दिव्यांच्या याच फडफडीपायी नवे बल्ब झाले होते, नवी बॅटरीही झाली होती. माझा धंदा बोअरच्या मोटारी भरायचा. दिवसभर हातात व्होल्ट मोजायचं मीटर असतं, पण गाडीला ते कधी लावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लावलं, आणि बिघाड एका दहा नंबरच्या बोल्टखाली सापडला.

तुम्ही लगेच पाना हातात घेऊ नका. अंधार पडल्यावर गाडी भिंतीसमोर लावा आणि नुसतं बघा. एकच दिवा फडफडत असेल तर दोष त्याच्याच बल्बात, होल्डरात नाहीतर त्याच्या अर्थमध्ये, म्हणजे बॉडीला आवळलेल्या, करंट निगेटिव्हकडं परत नेणाऱ्या वायरीत. दोन्ही एकदम फडफडले तर दोघांना मिळून जे लागतं तिथं शोधायचं: बॅटरीचे टर्मिनल, अर्थ, स्विच, रिले (दिव्यांचा करंट चालू-बंद करणारी छोटी डबी). मीटरबोर्डाचे आणि आतले दिवेही सोबत कमी-जास्त होत असतील, रेस दिली की उजेड वाढत असेल, तर चार्जिंगकडं बघा. आणि फक्त खड्ड्यात फडफडत असतील तर कुठंतरी लूज आहे, हे जवळपास नक्की. घरातल्या कुणाला भिंतीकडं बघत बसवा आणि तुम्ही एकेक कपलर (वायरी जोडायचा प्लग), एकेक वायर हळूच हलवा. ज्या वायरला हात लावल्यावर उजेड हलला, तिथंच थांबा. आपल्याकडं उंदरं बॉनेटमध्ये शिरून वायरी कुरतडतात, तेही बघून घ्या.

मग टर्मिनल. इंजिन बंद करून आधी निगेटिव्ह सोडवा, जोडताना ती शेवटी जोडा. निगेटिव्ह जागेवर असताना पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या ब्रशनं घासा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा.

आता मोजमाप. बंद गाडीची भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास हवेत. १३ च्या खाली राहिले तर पट्टा ढिला आहे का बघा, नाहीतर डायनामोचे कार्बन झिजले असतील. १५ च्या वर गेले तर चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय, आणि तो बल्ब-बॅटरी दोन्ही खातो. डायनामो खोलायचं काम घरी करू नका, मोटार इलेक्ट्रिशियनकडं द्या.

पण खरी मेख अर्थमध्ये आहे. शेतात स्टार्टरवर व्होल्टेज पूर्ण दिसतं, मोटार सुरू केली की धाडकन पडतं, हे आपण रोज बघतो. गाडीतही तेच. करंट वाहत असेल तेव्हाच लूज जोड उघडा पडतो, म्हणून दिवे लावूनच मोजा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल तार होल्डरच्या मागून अर्थच्या पिनेला लावा. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर अर्थ चांगली. माझ्या गाडीत १.८ आलं! म्हणजे बल्बांपर्यंत पोचायचे जवळजवळ दोन व्होल्ट त्या एका जोडातच जळत होते.

डाव्या दिव्यामागं बॉडीला आवळलेला तो बोल्ट खोलला. खाली काळ्या मातीची वाळलेली खपली, तिच्याखाली गंज. लगमधल्या, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीतल्या, निम्म्या तारा तुटलेल्या, उरलेल्या हिरव्या पडलेल्या. वायर चांगलं तांबं लागेपर्यंत मागं कापली, नवी लग दाबून बसवली, बॉडी पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासली, आवळली आणि वरून ग्रीस लावलं. पुन्हा मोजलं तर ०.०६. खर्च तीस रुपयेसुद्धा नाही.

अर्थ चांगली निघाली तर होल्डर बघा. प्लास्टिक तपकिरी पडलं असेल, वितळलं असेल, तर होल्डरच बदला. जुन्या गाड्यांत बहुतेक एच-४ बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. जास्त उजेडासाठी १०० वॅटचा टाकला की होल्डर आणि स्विच दोन्ही भाजतात. नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलेल्या जागी काच जास्त तापते. रिलेचा संशय आला तर हॉर्नचा रिले त्याच नंबरचा आहे का बघा आणि अदलाबदल करून पाहा. फ्यूज उडत असेल तर त्याच अँपिअरचा टाका. त्या जागी तार गुंडाळणं म्हणजे वायरिंगला आग लावणं.

एलईडी टाकल्यावरच फडफड सुरू झाली असेल तर वायरिंग उसकटू नका. काही नव्या गाड्या दिव्यांना तुटक तुटक सप्लाय देतात. हॅलोजनची तार तापलेलीच राहते म्हणून तिच्यात ते दिसत नाही, एलईडीत दिसतं. मूळ बल्ब परत लावून बघा.

काम झालं की पुन्हा भिंतीसमोर अर्धा तास दिवे लावून ठेवा, इंजिन चालू ठेवून. मग होल्डरजवळ हात न्या. वायर कोमट लागली तर ठीक, चटका बसला तर तो जोड अजून कच्चा आहे, पुन्हा खोला. माझी वायर कोमट होती. त्यानंतरच आईला घेऊन पुन्हा अंबाजोगाईला निघालो.