बोडोनीची केसासारखी रेघ

डिझाइन शिकायला लागलं की कधी ना कधी बोडोनी या इंग्रजी फॉन्टवर जीव जडतोच. माझा दुसऱ्या वर्षी जडला. जाडजूड उभा खांब, शेजारी केसाइतकी बारीक रेघ, आणि सेरिफ, म्हणजे खांबाच्या टोकाची पट्टी, म्हणाल तर नुसती सपाट आडवी काडी. खांबाला मिळताना जराही बाक घेत नाही. यात किराणा मालाची यादी लिहिली तरी ती महागडी दिसते. फॅशन मासिकांची नावं याच घराण्यात का सजतात, ते तेव्हा कळलं.

मग पहिलं पैशाचं काम आलं, लग्नपत्रिका. मरून कागद, सोनेरी फॉइल. मी चारशे टक्के झूम करून अक्षरं न्याहाळत बसलो आणि हॉलचा पत्ता बिनधास्त ७ पॉइंटात, म्हणजे अगदी बारक्या अक्षरात, टाकला. छापून आलं तेव्हा बारीक रेघांवर फॉइल बसलंच नव्हतं. बोडोनीच्या कॅपिटल एनमध्ये दोन्ही खांब पातळ आणि तिरकी रेघ जाड असते, त्यामुळे एनची नुसती तिरकी काठी उरली. ईचा एक खांब, एचचे दोन. नवरीच्या नावाचं कुंपण झालं होतं. दोनशे पत्रिका पुन्हा छापल्या, माझ्या खर्चानं.

चूक बोडोनीची नव्हती. ही अक्षरं घडवणारा जांबात्तिस्ता बोडोनी १७६८ पासून इटलीत पार्माच्या ड्यूकचा छापखाना सांभाळत होता. पॅरिसमध्ये दिदो हे मुद्रकांचं घराणंही त्याच सुमारास अशाच जाड-बारीक अक्षरांच्या वाटेनं गेलं. आधी इंग्लंडात बास्करव्हिल या मुद्रकानं गुळगुळीत कागद वापरून पातळ रेघ छापता येते हे दाखवलं होतं. शिवाय छपाईच्या शिशाच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकाराचा ठसा वेगळा कोरायचे. लहान आकारात बारीक रेघ मुद्दाम थोडी जाड ठेवता यायची. आपण मात्र संगणकावर एकच चित्र ओढून लहान-मोठं करतो.

म्हणून फॉन्ट घेताना त्यात ‘ऑप्टिकल साइझ’, म्हणजे आकारानुसार वेगळी आखलेली अक्षरं, आहेत का ते आधी बघा. ‘बोडोनी मोडा’ फुकट आहे आणि त्यात ही सोय ६ पासून ९६ पॉइंटांपर्यंत आहे. १९९१ च्या सुमारास ‘हार्पर्स बझार’ या फॅशन मासिकासाठी जोनाथन हॉफ्लर या अक्षरकारानं केलेल्या ‘दिदो’ फॉन्टातही ती आहेत. ‘प्लेफेअर डिस्प्ले’ मथळ्याला छान, पण नावातच ‘डिस्प्ले’ आहे, म्हणजे मोठ्या अक्षरांसाठीचा. परिच्छेदाला लावू नका. काळ्यावर पांढरी अक्षरं सोडायची असतील तर चार शाया एकावर एक छापून केलेली काळी टाळा. एखाद्या शाईची प्लेट केसभर सरकली तरी बारीक रेघ बुजते.

मराठी मथळा शेजारी बसवायचा असेल तर खरी कसरत. देवनागरीच्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलटा, त्यामुळे रोमनमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांत, जी तिरकी रेघ पातळ ती देवनागरीत जाड पडते. त्यातून शिरोरेघ पातळ केली तर शब्द सुटे पडल्यासारखे वाटतात. ‘रोझा वन’ या फॉन्टात दोन्ही लिप्या एकत्र आखल्या आहेत, पण तो इतका ठसठशीत आहे की दोन-तीन शब्दांपलीकडे मी तो वापरत नाही.

आता पत्रिका आली की आधी छापखान्यात फोन करतो, सर्वात बारीक रेघ किती चालेल ते विचारतो आणि मूळ मापाचं प्रूफ काढून घरी आईला वाचायला देतो, चष्म्याशिवाय. परवा तिनं मुहूर्त ११ चा १७ वाचला. तेवढी ओळ साध्या फॉन्टात टाकली.